ऊन पाण्याचं गाव

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण बालवाडीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको. त्यांनी मला "तू वसईची ना, मग समुद्रावर लिही" असं सांगितलं होतं. पण समुद्रावर सगळेच लिहितात. मला गरम पाण्यावर लिहायचंय, आणि ते सुचलं आपल्याच हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर उभं असताना.

डिसेंबर-जानेवारीतली बजाजनगरची पहाट ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. साडेपाचला बादल्यांची रांग लागते. माणसं झोपलेली असतात, बादल्या उभ्या असतात! सोलरचं पाणी पहिल्या दहा-बारा जणींना मिळतं, पुढच्यांच्या नशिबात कोमट आणि त्यानंतरच्यांच्या नशिबात थेट नाथसागर. अशाच एका सकाळी मी कुडकुडत म्हटलं, "आमच्याकडे नदीकाठी जमिनीतून गरम पाणी येतं, चोवीस तास, बिल नाही." रांगेतल्या कोणाचा विश्वास बसेना. फक्त माझी रूम पार्टनर म्हणाली, "त्यात काय, आमच्याकडेपण येतं." ती किनवटकडची. तिच्याकडचं उनकेश्वर, पैनगंगेच्या काठावरचं. मराठवाड्यात गरम पाण्याचा झरा आहे हे मला तिच्यामुळे कळलं, आणि तिला वज्रेश्वरी माझ्यामुळे. आम्हा दोघींनाही इंग्लंडमधलं बाथ मात्र शाळेपासून पाठ होतं. जेन ऑस्टिनच्या दोन कादंबऱ्या तिथे घडतात म्हणून आमच्या सिस्टरनी फळ्यावर नकाशा काढून ते गाव दाखवलं होतं. माझ्या घरापासून तीसेक किलोमीटरवर तसंच एक गाव आहे, हे ना मी कधी त्यांना सांगितलं, ना माझ्या कधी डोक्यात आलं. वज्रेश्वरी म्हणजे आजीबरोबर जायची जागा, आणि बाथ म्हणजे 'हिस्टरी'. असं आमचं डोकं!

तर वज्रेश्वरी. मुंबई-अहमदाबाद हायवेवर शिरसाड फाटा लागतो. तिथून आत वळलं की पारोळ, उसगाव करत रस्ता तानसा नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि पुढे अंबाडीला जातो. मुंबईकर ज्या तानसा तलावाचं पाणी पितात, १८९२ साली धरण बांधून झालेल्या, त्याच तलावाखालची ही नदी. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन गावं तिच्या आजूबाजूला दोन-दोन किलोमीटरच्या अंतराने आहेत. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला तेव्हा आमची वसई त्यात गेली आणि वज्रेश्वरी ठाण्यातच राहिली. त्यामुळे आता आजी दुसऱ्या जिल्ह्यात आंघोळीला जाते.

देवळाची गोष्ट वसईशी जोडलेली आहे. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं. चिमाजी अप्पांनी वेढा घातला, पण किल्ला काही पडेना. तेव्हा त्यांनी देवीला नवस केला की किल्ला मिळाला तर तुझं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन, असं सांगतात. मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांकडे आली. अप्पा पुढच्याच वर्षी, १७४० च्या डिसेंबरात गेले. देऊळ मात्र खरोखरच किल्ल्यासारखं आहे. दगडी तटबंदी, वर नगारखाना, आणि चढायला बावन्न पायऱ्या. त्यातल्या एका पायरीवर सोन्याचं कासव आहे. लहानपणी मी त्या कासवापाशी थांबून दम खायचे आणि आजीला वाटायचं नात मोठी भाविक आहे.

गंमत अशी की शाळेतून आमची सहल वसईच्या किल्ल्यावर जायची. पडकी चर्चेस, मोडक्या कमानी, भिंतीतून उगवलेले पिंपळ. आणि आजी न्यायची वज्रेश्वरीला. एक लढाई, तिचं एक टोक मी युनिफॉर्म घालून पाहिलं आणि दुसरं टोक परकर-पोलक्यात. दोन्ही एकच गोष्ट आहे हे कळायला मला इंजिनिअरिंगला यावं लागलं, तेही मेसमध्ये कोणीतरी 'वसईची मोहीम' असा विषय काढला म्हणून.

देवीच्या नावाची कथाही सांगते. इंद्राने वज्र फेकलं आणि देवीने ते गिळून टाकलं, म्हणून ती वज्रेश्वरी. आणि तिने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे गरम पाणी. लहानपणी ही दुसरी गोष्ट ऐकल्यावर मी आठवडाभर आंघोळ करायला तयार नव्हते.

गणेशपुरीचं नाव तुमच्यापैकी काहींनी नित्यानंद स्वामींमुळे ऐकलं असेल. ते १९३६ च्या सुमारास तिथे आले आणि ८ ऑगस्ट १९६१ ला त्यांनी तिथेच देह ठेवला. भीमेश्वराच्या देवळाशेजारची कुंडं तिथलीच. पुढे मुक्तानंदांच्या आश्रमामुळे परदेशी लोकही येऊ लागले. चहाच्या टपरीवर गोरी माणसं मराठीत "अर्धा कप" म्हणताना मी स्वतः ऐकलंय. पण आमच्या घरचं जाणं असायचं ते अकलोलीला, रामेश्वराच्या देवळाजवळच्या कुंडांवर. सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, राम, सीता, लक्ष्मण अशी त्या सात कुंडांची नावं. प्रत्येकाचं पाणी वेगळं गरम. एकात पाय टाकवत नाही, दुसऱ्यात तासभर बसावंसं वाटतं.

आता माझा शाखेचा धर्म. पाणी गरम का? आपल्याकडे जवळपास जिवंत ज्वालामुखी नाही. दख्खनचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवालाय. होतं काय, तर पावसाचं पाणी खडकातल्या खोल भेगांतून खाली जातं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. म्हणजे वर पन्नास अंशांच्या आसपास पाणी हवं असेल तर ते निदान किलोमीटरभर खाली जाऊन आलेलं पाहिजे, आणि वर येताना निवतं म्हणून प्रत्यक्षात त्याहून खोल. तापलेलं पाणी हलकं होतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. आपल्या हॉस्टेलच्या सोलरच्या टाकीत जे चालतं तेच हे, फक्त इथे पाइप बदलायला प्लंबरची वाट बघावी लागत नाही. पालघरपासून रत्नागिरीच्या राजापूरपर्यंत कोकणच्या पट्ट्यात असे सुमारे ६० झरे १८ ठिकाणी आहेत. आणि त्यांची नावं बघा: राजापूरचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे. घाटावर उनकेश्वर, चोपड्याकडे उनपदेव. सगळीकडे तेच 'ऊन'. आजी अजूनही "ऊन ऊन भात" म्हणते ना, तेच. भूगर्भशास्त्रज्ञ पोचायच्या किती आधी साध्या माणसांनी नुसत्या नावांवरून या झऱ्यांचा अख्खा नकाशा काढून ठेवलाय!

एक गोष्ट मात्र सगळे ठोकून सांगतात आणि ती अर्धीच खरी आहे. "पाण्यात गंधक आहे, गंधकाने त्वचारोग जातो." वास येतो थोडा, नाही असं नाही. पण कोकणातल्या या झऱ्यांच्या पाण्याची जी तपासणी झालेली आहे त्यात जास्त करून क्लोराइडचे क्षार निघतात, म्हणजे सोडियम, कॅल्शियम, साधी मिठाच्या घराण्यातली मंडळी. गंधकाचा एवढा बोलबाला का झाला कोण जाणे. बहुधा मिठापेक्षा गंधक हा शब्द जास्त औषधी वाटतो म्हणून.

इथून मला जे म्हणायचंय ते सुरू होतं.

आमच्या आळीत एक काकू आहेत. त्यांना शुगर आहे, बरीच वर्षं. पायाला एक जखम होती, भरत नव्हती. कोणीतरी सांगितलं, वज्रेश्वरीच्या बाजूला जा, कुंडात पाय सोडून बस, आठ दिवसांत सुकेल. काकू गेल्या. शुगरवाल्यांच्या पायांच्या नसा कमजोर होतात, त्यांना चटका कळत नाही. शेजारची बाई "आई गं" करून पाय काढून घेत होती आणि काकू आरामात बसून होत्या. त्यांना वाटलं देवीची कृपा. घरी आल्यावर पाय फोडांनी भरलेला. नंतर जखम चिघळली आणि दोन बोटं काढावी लागली. मी तेव्हा अकरावीत होते. काकूंना भेटायला गेले तर त्या म्हणाल्या, "माझीच श्रद्धा कमी पडली." हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. श्रद्धा कमी पडली नव्हती. एक पाटी कमी पडली होती. "ज्यांना मधुमेह आहे त्यांनी या पाण्यात पाय घालू नये." पत्र्याचा एक तुकडा आणि थोडा ऑइल पेंट, एवढाच खर्च.

काकूंची गोष्ट हॉस्टेलमध्ये सांगितली की दोन प्रकारची उत्तरं मिळतात. पहिलं, "हे सगळं अंधश्रद्धा आहे, बंद करून टाका." हे म्हणणारे बहुतेक आमच्याच बॅचचे, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी छोट्या पंढरपूरला जाऊन येणारेही तेच. असो. दुसरं, "युरोपसारखं करा. काच, टाइल्स, हजार रुपये तिकीट, रोब, म्युझिक. एकदम स्पा!" यांना मी सांगते की स्पा हे मुळात बेल्जियममधल्या एका गावाचं नाव आहे, आणि तिथेही लोक आधी झऱ्याचं पाणी प्यायलाच यायचे, म्युझिक नंतर आलं. २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या सात देशांतली अशी अकरा गावं एकत्र जागतिक वारसा म्हणून घेतली, त्यात स्पा आहे, बाथपण आहे. मी काही युरोपच्या विरोधात नाही. उलट बाथकडून एक गोष्ट आपण घ्यावीच, फक्त ती टाइल्सची नाही.

बाथचं पाणी ४६ अंशांचं, रोज अकरा लाख लिटरच्या वर येतं, आणि रोमन लोकांनी बांधलेला हौद अजून तसाच आहे. १९७८ पर्यंत तिथे लोक पोहत होते. त्या वर्षी पोहून गेलेली एक मुलगी मेंदूच्या संसर्गाने वारली. पाण्यात एक अमीबा होता. हा गरम गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकातून थेट मेंदूकडे जातो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये याच आजाराच्या बातम्या आपण वाचल्या. बाथमध्ये काय केलं? आंघोळ बंद. दोन हजार वर्षांची परंपरा, पर्यटकांचं आकर्षण, सगळं बाजूला ठेवून बंद. मग खोल बोअर घेऊन स्वच्छ पाणी वर आणलं, नवी इमारत बांधली, आणि लोक पुन्हा त्या पाण्यात उतरले ते २००६ मध्ये. अठ्ठावीस वर्षांनी! आणि जुन्या रोमन हौदात आजही उतरू देत नाहीत, नुसतं बघायचं. एका मुलीसाठी. मला या गावाबद्दल आदर वाटायला लागला तो हे वाचल्यावर. शाळेत नकाशावर ते आम्हाला दाखवलं तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग आपल्याकडे काय करायला हवं? मला वाटतं आधी आपण एकदाचं ठरवावं की हे औषध नाही. कुष्ठरोग, सोरायसिस, कोड, जखमा, यातलं काहीही त्या पाण्याने बरं होतं म्हणून डॉक्टर टाळायचा नाही. कुष्ठरोगावरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि त्यांनी तो बरा होतो. कुंडात बसून गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत. पण औषध नाही म्हणजे निरुपयोगी, असं कुठे आहे? आजीचे गुडघे दुखतात. गरम पाण्यात बसलं की तिला दोन दिवस बरं वाटतं. फिजिओथेरपिस्टही तिला शेकच द्यायला सांगतो. दोन दिवस बरं वाटणं ही काय छोटी गोष्ट आहे? सत्तर वर्षांच्या बाईला, जिने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पाणी तापवलं, तिला कोणीतरी, भले जमिनीने का होईना, पाणी तापवून दिलंय. आंघोळ म्हणून त्याची किंमत करा ना! सार्वजनिक आंघोळीची जागा, एवढंच तिला म्हणा आणि मग तशी ती नीट ठेवा.

नीट ठेवणं म्हणजे फार काही नाही. कुंड ठरावीक दिवशी रिकामं करून घासायचं. पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे धरायला एक रेलिंग लागतं. दोन वर्षांपूर्वी एका कुंडाच्या पायरीवर आजीचा पाय सरकला, मी मागे होते म्हणून निभावलं. तेव्हापासून ती एकटी जात नाही आणि तिला सोबत न्यायला घरात दर वेळी कोणाला वेळ नसतो. एका रेलिंगअभावी तिचं जाणं वर्षातून एकदावर आलंय.

आणि बायकांना कपडे बदलायला खोली. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण पुरुषमंडळींच्या हे लक्षातच येत नाही. ते टॉवेल गुंडाळतात आणि मोकळे होतात. आम्ही तिघीजणी साडी धरून आडोसा करतो, चौथी आत बदलते, आणि वारा सुटला की सगळ्याच हसतात, पण ते हसणं काही मजेचं नसतं. एक खोली, तिला आतून लागणारी कडी आणि कपडे अडकवायला खुंटी. कडी शब्दाखाली रेघ मारावी अशी संपादकांना विनंती. मी आजवर पाहिलेल्या तीर्थक्षेत्रांवरच्या खोल्यांना छत होतं, दार होतं, कडी नव्हती.

पाटीवर अजून दोन गोष्टी हव्यात: आज पाणी किती अंश आहे, आणि शेवटची तपासणी कधी झाली. डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका, हेही लिहा. आणि हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, कारण वाचणारे बहुतेक म्हातारे असतात.

तपासणी कोण करणार, असं विचाराल तर थोडं आपल्याकडेच बघा. एन्व्हायर्नमेंटलच्या लॅबमध्ये आपण दर सेमिस्टरला एमपीएन टेस्ट करतो. नळाचं पाणी घेतो, ठरलेली उत्तरं जर्नलमध्ये उतरवतो, सर सही करतात. मागच्या बॅचचं जर्नल समोर ठेवून आपण रीडिंग 'काढतो' हे सरांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही. त्याऐवजी सुट्टीत घरी जाताना निर्जंतुक बाटली घेऊन जा. रूम पार्टनर उनकेश्वरचं पाणी आणेल, मी अकलोलीचं. नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत लॅबला पोचवावा लागतो, आणि नंदीग्राम एक्स्प्रेसने किनवटहून ते जमतं, आम्ही टाइमटेबल बघून ठेवलंय. या टेस्टने अमीबा सापडत नाही, हे मला माहीत आहे. पण पाण्यात सांडपाणी मिसळतंय की नाही एवढं तरी कळतं, आणि निदान एक तरी जर्नल खरं लिहिलं जाईल. पुण्याच्या संशोधकांनी उनकेश्वरच्या पाण्यातले जीवाणू डीएनए लावून मोजले आणि २०१६ मध्ये त्यावर पेपर छापला. उष्णतेत टिकणारे जीवाणू त्यांच्या कामाचे होते. पण तिथे अंघोळ करणाऱ्याला त्या पेपरमधून "आज उतरू का?" याचं उत्तर मिळत नाही. ते उत्तर साधं आहे, त्याला पीएचडी लागत नाही.

रिसॉर्टवाल्यांबद्दल एकच लिहिते. त्या रस्त्याला आता रिसॉर्टची कमी नाही, आणि लोक येतात, गावातल्या मुलांना कामं मिळतात, ते चांगलंच आहे. पण गरम पाणी खडकाच्या भेगेतून येतं, त्याचा साठा अमर्याद नाही. उद्या प्रत्येकाने आपापली बोअर मारून आपापला प्रायव्हेट कुंड काढला तर रामेश्वराजवळच्या कुंडांचं काय होईल, हे हायड्रॉलिक्सच्या पहिल्या युनिटमध्येच शिकवलंय. म्हणून त्या खोऱ्यात नव्या बोअरला परवानगी देण्याआधी कुंडांच्या पाण्याची पातळी आणि तापमान वर्षभर मोजलेलं असावं, ही माझी मागणी. आजीला हजार रुपयांचं तिकीट परवडणार नाही, आणि परवडलं तरी ती रोब घालणार नाही.

मागच्या रविवारी फोनवर तिला हे सगळं वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सगळं बरोबर आहे. पण तू देवीला नमस्कार कधी करतेस ते कुठे लिहिलं नाहीस." मी म्हटलं, कासवापाशी करते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जाणार आहोत. मी लॅबमधून थर्मामीटर मागितलाय, एचओडींची सही बाकी आहे. आजी म्हणाली, "तू मोजत बस, तोवर मी पाय सोडते. आणि येताना काकूंसाठी प्रसाद घे, त्या काही आता चढू शकत नाहीत."